साठ मीटरच्या उतारावर साडेएकसष्ट मीटरचा रॅम्प : माझं पहिलं पूर्ण डिजिटल मॉडेल

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाचा डिझाइन प्रोजेक्ट १४ नोव्हेंबरला ज्युरीसमोर मांडला. १० जुलैला विषय हातात आला तेव्हा मला स्केचअपमध्ये (थ्रीडी आकार काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) खोके उभे करता येत होते, त्यापलीकडे फारसं काही नाही. रेव्हिट, म्हणजे भिंती-स्लॅब अशा भागांतून इमारतीचं मॉडेल बांधायचं सॉफ्टवेअर, मी कधी उघडलंही नव्हतं. त्या दिवसांत ‘आधी काय करायचं, मग काय’ असं सलग सांगणारं कोणी भेटलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते. म्हणून चार महिन्यांचा हिशोब लिहून ठेवते आहे.

विषय होता सार्वजनिक वाचनालय. साइट उताराची. रस्त्याकडची कड आणि खालची कड यांत साठ मीटर अंतर आणि साडेचार मीटर उंचीचा फरक. दर अर्ध्या मीटर उंचीला एक कंटूर, म्हणजे समान उंचीची रेषा. माझी कल्पना अशी, की इमारत उताराबरोबर पायरी-पायरीने खाली जावी. चार मोठे ओटे, प्रत्येक आधीच्यापेक्षा १५०० मिमी खाली. वाचत बसलेल्या माणसाला पुढच्या ओट्यावरचं डोकं दिसावं, भिंत नाही.

१५ जुलैला सर्व्हेची कॅड फाइल मिळाली. ती तशीच स्केचअपमध्ये ओढली. पडद्यावर काहीच दिसेना. झूम करत गेले तर एका कोपऱ्यात साठ मिलिमीटरची साइट! सर्व्हे मीटरमध्ये होता, मी आयात करताना एकक मिलिमीटर ठेवलं होतं. ते दुरुस्त केलं, तर रेषा थरथरायला लागल्या. कॅमेरा फिरवला की पृष्ठभाग मध्येच कापलेले दिसत, दोन बिंदू नीट जुळत नसत. दोन दिवस मला वाटत होतं की माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड गेलं. खरं कारण वेगळंच होतं. सर्व्हेचे आकडे नकाशाच्या निर्देशांकांत होते, म्हणजे साइट सॉफ्टवेअरच्या शून्यबिंदूपासून लाखो मीटर दूर बसली होती. इतक्या मोठ्या आकड्यांसोबत मिलिमीटरची अचूकता टिकत नाही. मूळ फाइल जपून ठेवायची, तिची प्रत काढायची, साइटचा एक ठळक कोपरा शून्यावर आणायचा आणि किती सरकवलं ते वहीत लिहून ठेवायचं. मग एखादं ज्ञात अंतर मोजून बघायचं. माझ्या साइटची पुढची भिंत सर्व्हेत लिहिलेल्या लांबीशी जुळली तेव्हाच मी पहिली रेघ मारली.

पुढचे जवळपास तीन आठवडे मासिंगचे, म्हणजे इमारतीचे ढोबळ आकार ठरवण्याचे. स्केचअपमध्ये एकमेकांना टेकलेली पृष्ठं चिकटतात. एक ओटा हलवला की शेजारचा ताणला जातो. म्हणून कुठलाही आकार पूर्ण झाला की लगेच ग्रुप करायचा, म्हणजे तो सुटा राहतो, आणि तोच आकार पुन्हा येणार असेल तर कंपोनंट, म्हणजे एक बदलला की त्याच्या सगळ्या प्रती बदलतात. हे मला तिसऱ्यांदा सगळं ताणलं गेल्यावर अंगवळणी पडलं. चार ओटे, वर चार छतं, आणि इमारतीच्या कडेने सगळ्या ओट्यांना जोडत जाणारी एक तिरकी रिबन, म्हणजे रॅम्प. ती रिबन मला इतकी आवडली होती की मी प्रत्येक चित्र तिच्या बाजूनेच काढत होते.

५ ऑगस्टला पहिला रिव्ह्यू. मॅडमनी लॅपटॉपकडे पाहिलं, मॉडेल एकदा फिरवायला सांगितलं आणि विचारलं, “हा रॅम्प केवढा लांब आहे गं?”

मी मोजला. वीस मीटर.

“आणि उतरतो किती?”

साडेचार मीटर.

त्यांनी पुढे काही म्हटलं नाही, फक्त माझी पेन्सिल माझ्याकडे सरकवली. एकास बारा, म्हणजे बारा मीटर लांबीत एक मीटर उतरणं, हा उतार आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत. साडेचार मीटर उतरायला चौपन्न मीटर लांबी हवी. दर ७५० मिमी उंचीनंतर थांबायला १५०० मिमीची सपाट जागा धरायची, म्हणजे नऊ-नऊ मीटरचे सहा टप्पे आणि मधली पाच लँडिंग्ज. एकूण साडेएकसष्ट मीटर. माझी साइट साठची. मी काढलेला उतार एकास साडेचारहूनही तीव्र होता. त्या रॅम्पवरून व्हीलचेअर उतरवणं म्हणजे माणसाला ढकलून देणंच.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि ते गुणांसाठी नव्हतं. ज्या माणसासाठी रॅम्प काढला असं मी बोलत होते, त्या माणसाचा विचार मी एकदाही केला नव्हता. सॉफ्टवेअरने मला अडवलं नाही, कारण ते त्याचं कामच नाही. मासिंगच्या मॉडेलमध्ये तिरकं पृष्ठ हे तिरकं पृष्ठच असतं, मग ते छत असो की रॅम्प. आणि पडद्यावर सगळंच पक्कं दिसतं. पेन्सिलीची पुसट रेघ ‘मी अजून ठरलेले नाही’ असं स्वतःच सांगते. मॉडेलमधली न ठरलेली कडसुद्धा ठरलेल्या कडेइतकीच धारदार असते.

७ ते २० ऑगस्ट मी लॅपटॉप बाजूला ठेवला. फोमबोर्डचे २.५ मिमीचे थर कापून एकास दोनशेची साइट केली. अर्धा मीटर म्हणजे बरोबर एक थर. वर बटर पेपर टाकून रॅम्पच्या टप्प्यांच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक ४५ मिलिमीटरची, आणि त्या नुसत्या हलवत बसले. कडेने लावल्या, गोल लावल्या, बाहेर काढल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी एक पट्टी कंटूरला समांतर, दोन ओट्यांच्या मध्ये पडली. एक टप्पा वरच्या ओट्याला चिकटून जातो, टोकाला वळतो, दुसरा टप्पा खालच्या ओट्याला चिकटून परत येतो. नऊ मीटरचा टप्पा आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचं लँडिंग, बेरीज बारा. माझा कॉलम ग्रिड, म्हणजे खांबांच्या रांगांची चौकट, सहा मीटरचा होता. म्हणजे रॅम्प बरोबर दोन गाळ्यांत (खांबांमधल्या जागांत) बसत होता.

तो क्षण मला अजून आठवतो. खोलीत कोणी नव्हतं आणि मी ती पट्टी बोटाने दाबून धरून ठेवली होती, सरकेल म्हणून.

असे तीन पट्टे, चार ओट्यांच्या मध्ये. रॅम्प आता कडेला टाकलेली सोय राहिला नाही. एका ओट्यावरून दुसऱ्यावर जायचा मुख्य रस्ताच तो झाला आणि पायऱ्या त्याच्या बाजूला गेल्या. सिअॅटलच्या सेंट्रल लायब्ररीत, २००४ साली उघडलेल्या, पुस्तकांची सलग मांडणी चार मजल्यांतून हलक्या उतारावर फिरत जाते, हे मी आधी वाचलं होतं. पण उतार हा वाचनालयाचा कणा होऊ शकतो, हे मला त्या पट्टीने पटवलं.

आता रेव्हिटची वेळ. इथे थोडी कागदपत्रांची गोष्ट. विद्यार्थ्यांना परवाना विनामूल्य मिळतो, पण एका वर्षासाठी, आणि तुम्ही सध्या शिकत आहात याचा पुरावा द्यावा लागतो. २१ ऑगस्टला मी अर्ज केला आणि २३ ला तो परत आला. चूक माझीच. खातं मी घरच्या नावाने उघडलं होतं, ओळखपत्रावर पूर्ण नाव. शिवाय ओळखपत्राच्या ज्या बाजूचा फोटो दिला तिच्यावर शैक्षणिक वर्ष नव्हतं. महाविद्यालयाच्या कार्यालयातून चालू वर्षाचं बोनाफाइड घेतलं, खात्यातलं नाव त्यातल्यासारखंच अक्षर न् अक्षर केलं आणि पुन्हा पाठवलं. २६ ला मंजूर झालं. सबमिशनच्या आठवड्यात हे करायची वेळ आली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. परवाना सत्राच्या पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा, आणि तो कधी संपतो ती तारीखही लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. नव्या आवृत्तीत साठवलेली रेव्हिटची फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि जुनी करून साठवण्याची सोयही नाही. माझ्या मैत्रिणीने मदत म्हणून माझी फाइल तिच्याकडे उघडून जिना दुरुस्त केला. तिच्याकडे पुढच्या वर्षाची आवृत्ती होती. ती फाइल माझ्याकडे उघडेना. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून एकाच दिवसाचं काम गेलं. तेव्हापासून फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती दोन्ही लिहिते, आणि कुणाबरोबर काम करायचं तर आधी आवृत्ती विचारते.

रेव्हिट शिकताना पहिले दहा दिवस खूप जड गेले. स्केचअपमध्ये आधी आकार काढतो, मग त्याला नाव देतो. इथे उलटं. आधी सांगायचं की ही भिंत आहे, इतक्या जाडीची, या लेव्हलपासून त्या लेव्हलपर्यंत. मला दर दहा मिनिटांनी एखादा निर्णय घ्यावा लागत होता जो मी घेतलेलाच नव्हता. आधी ते त्रासदायक वाटलं. मग लक्षात आलं की मला हेच हवं होतं. इथल्या रॅम्पला जास्तीत जास्त उतार किती ते आधी द्यावं लागतं. लांबी अपुरी पडली तर तो वरच्या लेव्हलपर्यंत पोचत नाही आणि तशी सूचना येते. जुलैतली माझी रिबन इथे पहिल्याच प्रयत्नात अडली असती.

क्रम मी असा ठेवला: आधी लेव्हल्स, मग ग्रिड, मग साइट, मग कॉलम आणि स्लॅब, भिंती सगळ्यांत शेवटी. लेव्हल्स आणि ग्रिड जागेवर पक्के करून ठेवले, म्हणजे चुकून सरकत नाहीत. मदतीला व्हिडिओ पाहिले, पण एक नियम केला. आज माझ्या इमारतीत जे करायचं आहे तेवढंच शोधायचं. पूर्ण अभ्यासक्रम बघत बसले असते तर सप्टेंबर त्यातच गेला असता.

१२ सप्टेंबरला पहिला नीट सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, कापला. हा सगळ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. प्लॅन छान दिसत होता, थ्रीडी त्याहून छान. सेक्शनमध्ये मी रॅम्पच्या वरच्या टोकाला एक उभा माणूस ठेवला आणि त्याचं डोकं बीममध्ये गेलं.

आकडे साधे होते. खालच्या ओट्यावरचं छत ओट्यापासून ३६०० वर. रॅम्पचं वरचं टोक १५०० वर. बीम ६०० खोल. ३६०० मधून १५०० आणि ६०० गेले की उरतात १५०० मिलिमीटर. म्हणजे वाचक वरच्या ओट्यावरून रॅम्पवर पाऊल ठेवणार आणि कपाळ बीमवर आपटणार. मी छताची पायरी, म्हणजे उंच छत संपून खालचं छत सुरू होतं ती जागा, वरच्या ओट्याच्या कडेला दिली होती, कारण बाहेरून ती तिथे बरी दिसत होती.

पायरी खालच्या कडेला सरकवली, तेव्हा पूर्ण रॅम्प वरच्या, उंच छताखाली आला. डोकं सुटलं. आणि त्याबरोबर दोन छतांच्या मध्ये, वरच्या बीमच्या खाली, ९०० मिमी उंचीची एक लांबच लांब फट तयार झाली. तिथे काच बसली. रॅम्पवर, म्हणजे इमारतीच्या अगदी मध्यात, वरून उजेड उतरायला लागला. एवढा चांगला उजेड मी मुद्दाम ठरवून काढू शकले नसते.

तेव्हापासून मी रोज काम सुरू करताना आधी सेक्शन उघडते. प्रत्येक रॅम्पमधून एक, प्रत्येक जिन्यातून एक, आणि एक जिथे काहीच विशेष नाही असं वाटतं तिथून. त्यात माणूस ठेवायचा, उभा आणि व्हीलचेअरवरचा, दोन्ही.

३० सप्टेंबरच्या रिव्ह्यूत मॅडमनी ओट्यांची उंची बदलून बघायला सांगितलं. मी लेव्हल सरकवली आणि स्लॅब, कॉलम, सेक्शन, सगळं आपोआप बदललं. पण माझ्या ड्रॉइंगच्या शीटवर अजून जुनेच आकडे. लेव्हलचे आकडे मी साध्या अक्षरांत टाइप केले होते, ते कसे बदलणार? स्पॉट एलिव्हेशनचा, म्हणजे मॉडेलमधून उंची वाचून दाखवणारा, टॅग लावला असता तर तोही बदलला असता. सतरा ठिकाणचे आकडे पुसून पुन्हा टॅग लावले. मॉडेलला माहीत असलेली कुठलीही गोष्ट हाताने टाइप करू नका.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा उन्हाचा. मी धरून चालले होते की ती वरची काच उत्तरेला आहे, म्हणजे थेट ऊन नाही, मऊ उजेड. सावल्यांचा अभ्यास लावला तोही तसाच आला. मग सर्व्हेचा मूळ कागद सहज समोर आला. त्यावरचा उत्तरेचा बाण तिरका होता, ३४ अंशांनी. काम सोयीचं व्हावं म्हणून मी साइट सरळ करून घेतली होती आणि प्रोजेक्टची उत्तर, म्हणजे पडद्याची वरची बाजू, हीच खरी उत्तर समजले होते. रेव्हिटमध्ये या दोन उत्तरा वेगळ्या ठेवता येतात. खरी उत्तर आणि साइटचं स्थान भरलं आणि २१ मार्च, २१ जून, २१ डिसेंबर या तिन्ही दिवसांच्या सावल्या तासातासाने काढल्या. काच वायव्येकडे झुकलेली निघाली. २१ जूनच्या संध्याकाळी ऊन सरळ वाचायच्या टेबलांवर येत होतं. काचेबाहेर उभे पडदे दिले आणि ते किती तिरके असावेत हे सावलीकडे बघूनच ठरवलं. उत्तरेची खात्री पहिल्याच दिवशी करा. चुकीच्या उत्तरेवरही सावली तितकीच सुंदर पडते.

१८ ऑक्टोबरला मॉडेल उघडायला अकरा मिनिटं लागायला लागली. माझ्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी. मी मॅडमना म्हटलं, लॅबमधलं मोठं मशीन मिळेल का. त्या म्हणाल्या, “आधी बघ तरी, आत काय भरलंयस.” शोधलं. उतरवून घेतलेली एक खुर्ची होती, जिच्या गादीच्या शिवणीचे टाकेसुद्धा मॉडेल केलेले. अशा ९६ खुर्च्या. त्या काढून साधी चार पायांची, मीच बनवलेली खुर्ची टाकली, न वापरलेल्या फॅमिलीज (रेव्हिटमधले वस्तूंचे साचे) पुसल्या, आणि फाइल पुन्हा मिनिटभरात उघडायला लागली. एकास शंभरच्या ड्रॉइंगमध्ये शिवण कुणालाच दिसणार नव्हती.

रेंडरबद्दल, म्हणजे मॉडेलवरून काढलेल्या खऱ्यासारख्या चित्रांबद्दल, थोडक्यात. मॉडेल ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये नेलं, ते पूर्ण मोफत आहे. पहिल्या चित्राला माझ्या लॅपटॉपवर ३ तास ४० मिनिटं लागली. सॅम्पल, म्हणजे प्रत्येक ठिपक्यासाठी उजेडाचा हिशोब किती वेळा करायचा तो आकडा, ४०९६ वर तसेच राहिले होते. ५१२ वर आणून डीनॉइज (दाणेदारपणा काढणारी सोय) लावल्यावर वेळ तासाच्या आत आला आणि प्रिंटवर फरक कळेना. चारच चित्रं काढली. त्यांपैकी तीन रॅम्पवरून, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून. व्हीलचेअरवरच्या माणसाला माझी इमारत कशी दिसते हे मला स्वतःलाच बघायचं होतं. कठडा त्या नजरेच्या आड येतो हे तिथेच कळलं, आणि त्याचा वरचा भाग जाळीचा केला.

६ नोव्हेंबरला थ्रीडी प्रिंट दिला, एकास दोनशे. पहिल्या तपासणीत लॅबच्या दादांनी फाइल परत दिली. “ताई, हे कठडे येणारच नाहीत.” बरोबर होतं. ५० मिमीचा कठडा या मापात पाव मिलिमीटर होतो आणि मशीनचं नोझल, म्हणजे प्लास्टिक सोडणारं तोंड, ०.४ मिमीचं. प्रिंटसाठी वेगळी प्रत काढली. जाळ्या गाळल्या, कठडे २४० मिमी जाड केले, म्हणजे प्रिंटमध्ये १.२ मिमी, नोझलच्या तीन रेषा. कुठे भोक राहिलं नाही ना, सगळे आकार बंद आहेत ना, हे तपासलं. छतं सुटी छापली, म्हणजे उचलून आत बघता येतं. एकूण चौदा तास लागले. खर्च वजनावर आणि मशीनच्या तासांवर धरतात, म्हणून जमीन छापली नाही. ऑगस्टमधली फोमबोर्डची साइटच खाली वापरली आणि इमारत तिच्यावर नीट बसली.

शीटचा प्लॉट, म्हणजे मोठ्या कागदावरची छपाई, १० तारखेला. त्याआधी सेक्शनचा एक तुकडा खऱ्या मापात साध्या कागदावर छापून बघितला, आणि बरं झालं. पडद्यावर ठळक दिसणारी कापलेल्या भिंतीची रेघ आणि मागच्या खिडकीची रेघ कागदावर सारखीच दिसत होती. रेषांच्या जाड्या बदलल्या, त्याचा व्ह्यू टेम्प्लेट (पुन्हा वापरता येणारा साचा) केला आणि तो सगळ्या सेक्शन्सना लावला.

१४ नोव्हेंबर. ज्युरीत बाहेरून आलेले एक ज्येष्ठ आर्किटेक्ट होते. त्यांनी रेंडर फार पाहिले नाहीत. मॉडेलची छतं एकेक करून उचलून ठेवली आणि रस्त्याकडच्या दारातून बोट ठेवून सावकाश खाली नेलं. टप्पा, लँडिंग, परत. सहाही टप्पे. बोट शेवटच्या ओट्यावर थांबलं तेव्हा मी बोलायचं थांबले होते.

मग त्यांनी एक छत परत बसवलं, काचेच्या पट्टीवर नख टेकवलं आणि विचारलं, “ही काच खालच्या स्लॅबवर सरळ बसली आहे. पाऊस पडला की पाणी कुठे जाईल?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काचेखाली उठाव, म्हणजे स्लॅबवर उभारलेली छोटी कड, हवा, निदान ३०० मिमीचा. म्हणजे ९०० ची काच ६०० होणार, उजेड कमी होणार, किंवा वरचं छत उचलावं लागणार आणि सगळे सेक्शन बदलणार. मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, “काढून आण.”

परवाना संपला तरी काम हाताशी राहावं म्हणून मॉडेल आयएफसी (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारा फाइलचा प्रकार) आणि पीडीएफमध्येही साठवून ठेवलं आहे. सध्या टेबलावर बटर पेपर आहे आणि त्यावर तो एकच सांधा, एकास वीसमध्ये : स्लॅब, उठाव, पन्हाळ, काच. पन्हाळीचा उतार कोणत्या बाजूला द्यायचा ते अजून ठरत नाहीये.